घडीचा कॅमेरा

ग्योर्लिट्समध्ये, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत,
गेर्विन चोपे कॅमेऱ्याला एकदम उघडत नाही.
आधी पाठीवरून अंगठा फिरवतो.
कातड्यात आकडे दबलेले असतात, झिजलेले,
दिवा आडवा धरला की वर येतात :
पाचशे वीस, तिरकी रेघ, दोन.
"इकोंटा. सहा बाय नऊ. एका रोलात आठच फोटो.
आगफा असता तर भिंगाची कडी हललीच नसती,
त्यांचं हिरवं ग्रीस म्हातारपणी डिंक होतं."

समोर ओटिलिए नित्श. वय अठ्ठ्याऐंशी,
मांडीवर रिकामी पिशवी.
तिला नाव नको होतं,
तिला विचारायचं होतं, चालतो का.

घडी मोडताना हळू, तो म्हणाला.
झटका दिला की भाता हपापून हवा ओढतो
आणि हवेबरोबर फिल्मही पुढे येते, पोट सुटल्यासारखी.
एरवी मी मागचं दार उघडतो,
आत बॅटरी लावतो, खोलीत अंधार करतो,
आणि भात्याच्या कोपऱ्यांत उजेडाचे तीळ मोजतो.
इथे ते जमणार नाही.
पाठीवरच्या लाल खिडकीत आकडा होता.
सात.

मग त्याने शटरकडे पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.
खटका चढवलेला होता.
एवढी वर्षं ती बारकी स्प्रिंग
कुणीतरी "आता" म्हणायची वाट बघत
ताणून बसली होती.

"आम्ही पायरीवर उभ्या होतो," ओटिलिए म्हणाली,
"मी आणि गेर्डा. बाबा म्हणाले, नाक पूस.
तेवढ्यात आईने हाक मारली, हातगाडी भरायची आहे."
एवढंच.
रडली वगैरे नाही.
पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली.

दोघं नदीवर गेले. पलीकडचं गाव आता पोलंडचं.
तिने बोटाने दाखवलं : ती पिवळी भिंत, ती पायरी.
गेर्विनने कडी फिरवून पाहिली.
दहा मीटरनंतर भिंगाकडे शब्दच नाही,
एक आडवा पडलेला आठ : अनंत.
"अनंत कसलं," ती म्हणाली,
"पाव आणायला मी इकडे धावत यायचे. दोन मिनिटं."

मग पूल.
तिचा दंड धरायला तो पुढे झाला, तिने कॅमेरा त्याच्या हातात दिला
आणि कठडा धरला.

पिवळ्या घरात हल्ली केस कापतात.
बोगुमिवा दारात सिगारेट ओढत होती,
ॲप्रनवर कुणाचेतरी पांढरे केस.
तिला जर्मन येईना, यांना पोलिश.
पण म्हातारी, पायरी आणि काळा डबा
एवढ्यावरून ती समजली
आणि बाजूला व्हायला लागली.
ओटिलिएने तिची बाही धरली.
एक जागा रिकामी होती ना पायरीवर.

चार पावलं मागे. चार मीटर.
ढग होते, फिल्मही म्हातारी,
म्हणून भिंग पूर्ण उघडं, पंचविसावा हिस्सा सेकंद.
श्वास सोडून, कोपर बरगडीला टेकवून
गेर्विनने दांडी दाबली.

काहीच झालं नाही.

मग झालं. सावकाश,
झोपेतून उठवलेल्या माणसाने "काय?" म्हणावं तसं.
पंचविसावा हिस्सा कुठला, चांगलं अर्धं सेकंद.
बोगुमिवा हलली. ओटिलिए नाही हलली.

निघेल का फोटो?
गेर्विनने खांदे उडवले. भाता फुटका असेल,
फिल्म धुक्याने भरली असेल.
त्याला वाटलं तेवढं त्याने सांगितलं, जास्त नाही.
चावी फिरवली.
लाल खिडकीतून ठिपके गेले, मग आकडा आला.

"आठवा," तो म्हणाला.

ओटिलिएने कॅमेरा घेतला,
दोन्ही बाजूंच्या पट्ट्या दाबून, नीट, घरच्यासारखा मिटला.
खटका तिने चढवला नाही.