ठसा

ओला कागद दगडावर बसवून
ब्रशनं ठोकतोय सकाळपासून.
कान्हेरीच्या या वरच्या टप्प्यावर
वारा कागदाचा कोपरा सोडत नाही.
मागं भिक्षूंच्या राखेवरचे विटांचे स्तूप, ढासळलेले,
खाली बोरिवलीचे टॉवर, धुरकट.

गोमी बारप पाणी आणून देते
त्याच टाक्यातलं.
"काय लिवलंय?"
"कल्याणच्या कुणा सोनाराच्या बायकोनं
ही पोढी दान दिली."
"नाव?"
नेमका तिथंच टवका उडालाय.

शाई चढली. अक्षरं पांढरी उरली,
आणि मधे पंजाएवढा
नुसता दगड.

ती बघत राहिली.
मग कळशीतलं उरलेलं पाणी
पायऱ्या उतरून तिनं टाक्यात सोडलं,
आवाज न करता,
शेजारणीचं उसनं
परत करावं तसं.