पान सत्तेचाळीस

ह्यालग्रीम,
तुमचं पत्र पोचलं.
मीच आणलं ते, माझ्याच पिशवीतून.
क्वाल्बातल्या सगळ्या घरांचं टपाल वाटून झाल्यावर
माझ्या दाराशी येऊन उभी राहिले,
सवयीनं कडी वाजवली,
आत कुणी नाही हे आठवलं,
मग स्वतःच्याच हातात दिलं.

पाकीट पातळ होतं.
एकतीस वर्षं या बेटावर लोकांची पाकिटं हाताळतेय,
पातळ पाकिटात काय असतं
ते डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं.
आधी ऑगस्ट होता. मग ऑक्टोबर.
आता तुम्ही लिहिता, मार्च.
कागद लाटव्हियात अडकलाय,
बांधणीवाला आजारी आहे,
आणि तळाशी, जपून जपून,
"आपल्या संयमाबद्दल आम्ही आभारी आहोत."

संयम कसला, हो?
रात्री उठून मुखपृष्ठाचा नमुना काढते,
'सुन्नुवा'वरून बोट फिरवते.
छापलेलं नाव किंचित खरखरीत लागतं,
निदान मला तसं वाटतं.
दुकानात बिस्किटं घेताना
गल्ल्यावरच्या पोरीला सांगून बसले.
ती म्हणाली, कधी?
मी म्हणाले, ऑगस्ट.
ती अजून विचारते. मी आता बिस्किटं
बोटीवरूनच घेते.

वाट बघायची आणि वाट चालायची,
आमच्या नोकरीत दोन्हींना पगार एकच.
पण एकसष्टाव्या वर्षी पहिलं पुस्तक येणार असलं
की पायांना वाट पुरते, डोळ्यांना पुरत नाही.

साकारिसच्या खोपटात मेंढीचं मांस टांगलंय.
फळ्यांच्या फटींतून वारा येतो, जातो,
मीठ नाही, धूर नाही,
नाताळपर्यंत हात लावायचा नाही.
यावर तुम्हाला काहीतरी शहाणपणाचं लिहावं
असं मनात होतं.
पण मांसाला घाई नसते
कारण ते मेलेलं असतं.

साकारिस अठ्ठ्याऐंशीचा आहे.
तिसरी गोष्ट त्याची, हे त्याला ठाऊक आहे.
माझी पावलं ओळखून आतूनच ओरडतो, आलं?
मी म्हणते, छापलेलंच वाचून दाखवीन,
तोवर कळ काढ.
मंगळवारी डॉक्टरीणबाई येऊन गेल्या.
डाव्या डोळ्यात आता नुसता उजेड उरलाय,
उजव्यात थोडा दर्या.

काल संध्याकाळी टंकलेली पानं घेऊन गेले.
त्यानं रेडिओ बंद केला,
हातमोजे काढून मांडीवर ठेवले, चर्चमध्ये ठेवतात तसे.
मी वाचलं. हानुस, त्याचा भाऊ,
होडी, ती सकाळ, परत न आलेली वल्ही.
अध्येमध्ये शेगडीत कोळसा ढासळत होता.
तो रडला नाही. वाईटही वाटून घेतलं नाही.
बराच वेळ गेल्यावर एवढंच म्हणाला,
होडी निळी का?

हिरवी होती.
आईनं खिडक्यांचा उरलेला रंग दिला होता तिला.

त्या खिडक्या अजून हिरव्या आहेत, ह्यालग्रीम.
एकतीस वर्षं मी त्यांच्याखाली टपाल टाकतेय.

तेव्हा पान सत्तेचाळीस, ओळ नववी:
'निळी' खोडून 'हिरवी' करावं.
पान बावन्नवरही एकदा आहे,
तिथं 'निळसर' म्हटलंय, ते तर काढूनच टाका.
ऑगस्टात छापलं असतं
तर ती निळीच बुडाली असती, कायमची,
आठशे प्रतींत.

याचा अर्थ मी आभार मानतेय असा नाही.
मार्च म्हणालात, मार्च धरून चालते.
साकारिसला सांगितलंय,
तो म्हणाला, मार्चमध्ये दिवस मोठा होतो, बघू.

हे पत्र उद्याच्या बोटीनं निघेल.
शिक्का मीच मारलाय,
जरा जोरात.