न काढलेला वेल

क्युताह्याहून करार आला, सव्वीस पानी.
टाइल्सची कंपनी. डावीकडे तुर्की, उजवीकडे इंग्रजी,
मध्ये उभी रेघ.
मी उजवीकडून वाचायला घेतला
आणि तिसऱ्या पानावर नजर रेघ ओलांडून गेली.

शार्त. तारीह. दावा.
वेकिल, म्हणजे मीच.
हाक, म्हणजे हक्क.
बावीस वर्षं दांडिया बाजारात याच शब्दांवर जेवतेय,
आणि हे तिथे, ठिपका नसलेल्या आयच्या शेजारी,
रोमन कपडे घालून बसलेले,
परक्या लग्नात अचानक भेटलेल्या चुलत भावंडांसारखे.

समोर कुमुदिनी खानविलकर.
एकतीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं.
दोडक्याचा वेल काढतात. फक्त दोडका.
पिवळी फुलं, तणावे, शिरा वर आलेलं फळ.
ट्यूलिप जमत नाही असं नाही,
"पण ते त्यांच्याकडे आहेच की," म्हणाल्या.

कलम चार: सर्व हक्क कंपनीकडे.
कलम पाच: यापुढे जे जे काढाल तेही.
त्यांनी चष्मा पुसला.
"म्हणजे उद्याचा दोडकासुद्धा?"

अंकाऱ्याच्या नुरहानबाईंना मी फोन लावला होता,
इथे रात्रीचे अकरा, तिथे साडेआठ,
मागे कुणीतरी भांडी लावत होतं.
त्या म्हणाल्या, "सर्व" लिहून आमच्याकडे काही मिळत नाही.
एकेक हक्क नावानिशी लिहायचा:
छापणं वेगळं, विकणं वेगळं, बदलणं वेगळं,
पडद्यावर दाखवणं वेगळं.
नाव घेतलं नाही ते गेलं नाही.

मला आपली जुनी खरेदीखतं आठवली,
जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप.
ज्युनियर असताना हसायचे मी त्यावर.
गवत कोण वेगळं विकतं?
कुणीतरी लिहायला विसरलं असेल,
आणि तीन पिढ्या तारखा पडल्या असतील.

आणि पाच तर लुळंच.
जे अजून काढलंच नाही ते विकता येत नाही.
वचन देता येतं. पण "यापुढचं सगळं" असं वचन
वर्षभर आधी नोटीस देऊन सोडताही येतं.

कुमुदताई पंख्याकडे बघत राहिल्या.
"वर्षभर आधी," म्हणाल्या.
"आमच्याकडे तर त्या दिवशी डबा भरून ठेवला होता."
कुणाचा, ते मी विचारलं नाही.
खाली रस्त्यावर रिक्षावाला गुजरातीत भांडत होता,
सेव-उसळीचा वास जिन्यापर्यंत आलेला.

मसुदा लिहायला घेतला.
छापणं: फक्त टाइलवर, फक्त या सात नक्ष्या.
बदल: विचारून.
नाव: प्रत्येक खोक्यावर, पूर्ण.
आडनाव लांब पडतं म्हणाले तर अक्षर बारीक करा, नाव नाही.
भांडण: आधी मध्यस्थापुढे.
पैशाच्या व्यापारी दाव्यांना तिकडे हल्ली ते सक्तीचंच आहे.
"मध्यस्थाच्या चहाचे कोण देणार,
ते पण लिहितात का हो?"

त्या गेल्यावर दिसलं.
कलम पाचवर मी मारलेल्या काटीपासून
पेन्सिलीचा एक तणावा निघालाय,
समासातून वर, वळत,
पान संपतं तिथे कळी.
केव्हा काढला? मी फोनवर असताना बहुतेक.
कागद माझा, छपाई कंपनीची,
आणि कळी सकाळी नव्हती.

फायलीला लावायचं तर भोक नेमकं तिच्यात पडतं.
पंच हातात धरून बसलेय.
खाली एकेक शटर पडतंय.