नाव वगळून

शनिवारी सीपीआरच्या सभागृहात दोन तास प्रशिक्षण.
पुण्याहून आलेला मुलगा सांगत होता,
प्रश्न नीट विचारा,
पेशंटचं नाव चुकूनही घालू नका,
उत्तर आलं तरी पडताळून घ्या.
आम्ही माना डोलावल्या.
मागच्या रांगेत कुणाचीतरी भडंगाची पुडी फुटली.

सोमवारी रात्री बेड सतरा.
जिनगोंडा, हुपरीचा,
पोट धरून, गुडघे छातीशी घेऊन.
"काय होतंय?"
"पिळा बसतोय डाक्टर. वल्लं धोतर पिळल्यागत."
मी मोबाईलवर इंग्रजीत लिहिलं :
पुरुष, अडतीस, पोटदुखी, चार दिवस.
धोतराला इंग्रजीत जागा नव्हती.

तीन सेकंदांत अकरा कारणं,
कुठे खाडाखोड नाही.
माझ्या अक्षराला एवढी खात्री कधीच नव्हती.
वरची तीन उतरवून घेतली,
सर्जरीला फोन लावणार, तेवढ्यात
शिंत्रे मॅडम आल्या, चप्पल ओढत,
हातात गार झालेला चहा.
माझ्या कागदाकडे बघितलंही नाही.
त्याचे तळवे उलटे केले.
"काय काम करतोस?"
"आटणीवर हाय जी. जुनी चांदी गाळतो, शिसं घालून."
"आ कर."
बॅटरीच्या उजेडात हिरडीच्या कडेनं
निळसर काळी रेघ,
पहिलीतल्या पोरानं पेन्सिलीनं समास आखावा तशी.

मॅडम पुढच्या बेडकडे गेल्या.
काही बोलल्या नाहीत. तेच लागलं.

बाहेर दसरा चौकात शेवटची केएमटी वळली.
मी पुन्हा लिहिलं. काम. हिरडी.
पिळा, आहे तसा, मराठीत.
या वेळी शिसं पहिल्याच ओळीत,
खाली कुठलं रक्त तपासायचं तेही.
मघाशी ते खोटं बोललं नव्हतं.
मीच अर्धं सांगितलं होतं,
आणि "हात बघू" असं
त्याला म्हणता येत नाही.

"डाक्टर, त्यात माझं नाव घातलं न्हाई न्हवं?
मालकाच्या कानावर गेलं म्हंजे..."
"नाही. नाव वगळलंय."
तो बराच वेळ छताकडे बघत राहिला.
कळ येऊन गेली असावी,
ओठ घट्ट मिटून पुन्हा सैल झाले.
"मग त्येला सांगितलं काय,
कुणाचं दुखतंय म्हणून?"