कोळी

शारजाच्या सनैयात, आमच्या गल्लीत
ती आली ट्रेलरवरून, ताडपत्रीत गुंडाळलेली,
आजारी म्हैस टेम्पोतून आणावी तशी.
टपाचं कापड नव्हतंच. सीटच्या स्प्रिंगांत
होल्यांचं घरटं, दोन अंड्यांची टरफलं.
खलफानशेठ म्हणाले, स्पायडर.
माझ्या तोंडून निघालं, कोळी.

आमच्या भाषेत कोळी दोन.
एक कोपऱ्यात जाळं विणतो,
दुसरा दर्यात टाकतो.
ही कुठला?
मागून पाहिलं तर शेपूट होडीसारखं निमुळतं,
पुढून पाहिलं तर जाळ्यात बसून
वाट बघणारं काहीतरी.

शेठच्या वडिलांनी बैरुतला घेतलेली, अडुसष्ट साली,
सिमेंट विकून.
तेव्हा ओहोटी लागली की ओल्या वाळूवरून
दुबईला जायचे, म्हणे,
आणि भरतीच्या आत परत.
एकदा नाही जमलं.
म्हणून तिचं पोट आतून मिठाने खाल्लेलं.

मी रंग खरवडला. काळा.
त्याखाली हिरवा, कुणाच्या तरी लग्नातला.
त्याखाली पांढरा, त्याखाली लाल.
पत्र्याशी पोचलो तेव्हा
डाव्या दाराच्या पोकळीत पेन्सिलने लिहिलेलं सत्तेचाळीस,
सातच्या कमरेला आडवी रेघ.
मिलानचा कुणी माणूस,
जेवायच्या सुट्टीआधीचा असावा, आकडा घाईत आहे.
तेवढ्या जागेवर मी कागद चिकटवला
आणि मग फवारा मारला.

गिअरला मूठ नव्हती, नुसती आट्यांची काठी.
कुंजुमोनने फोनवर किंमत काढली:
माझे दोन महिने.
शेठ गप्प. मीही गप्प.
शुक्रवारी अजमानला गेलो,
जहाजं बांधतात तिथून सागाचा एक तुकडा उचलला,
मलबारचा असेल, समुद्र ओलांडून आलेला, माझ्यासारखा.

लाखेची कांडी सावंतवाडीहून मेव्हण्याने
खाजाच्या डब्यात घालून पाठवलेली.
लेथवर लाकूड फिरतं, लाख नुसती टेकवायची,
घर्षणाने आपोआप वितळते, अंगभर चढते.
चकाकीला केवड्याचं पान लागतं.
इथे कुठला केवडा?
खजुराची पात धरली.
बाबांनी पाठीत रट्टा घातला असता.
लाकडाला मात्र कळलं नाही.

मग तपासनीस आला, बेर्तोल्दी,
म्हातारा, खिशात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक.
सांगत होता, हे नाव घोडागाड्यांच्या काळातलं,
हलकी गाडी, उंच चाकं, आरे बारीक,
कोळ्याच्या पायांसारखे.
गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या.
बोनेट बदललंय. दार खरं.
रंगापाशी मान हलवली,
हो की नाही, मला कळलं नाही.
मग बसला आत, तळवा ठेवला मुठीवर,
डोळे मिटले.
ओरिजिनाले, म्हणाला.

गुलरेज खोकला.
कुंजुमोन एसीकडे बघत राहिला.
मी पुसत होतो हात,
ते आधीच स्वच्छ होते.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती:
लाख उन्हात मऊ पडते.
ऑगस्टात, टप उघडा, दुपार,
मशिदीबाहेर लावलेली गाडी.

संध्याकाळी शेठ आले, मूठ काढून हातात.
तिच्यावर त्यांचाच अंगठा उठलेला,
रेघ न् रेघ, निकाहनाम्यावर उठावा तसा.
हे मिलानचं?
मी म्हटलं, कोळ्याचं.
ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत.
मी म्हटलं, द्या, पुन्हा घासून देतो,
उद्यापर्यंत होईल.

नको, म्हणाले,
आणि उभ्या उभ्याच परत फिरवून बसवली,
आटा आट्यात जाईपर्यंत.