मंगळवारची ओळख

दर मंगळवारी ससूनच्या दुसऱ्या मजल्यावर
मी त्यांना माझं नाव सांगते.
"अरे वा, आपण पहिल्यांदाच भेटतोय," म्हणतात
श्रीपाद वडके, तांबट आळी, वय बाहत्तर.

मेंदूज्वर उतरला, पण जाताना
कानशिलाच्या आतली एक अरुंद बोळ बुजवून गेला.
तिथूनच म्हणे आज कालमध्ये जातो.

पानशेतच्या वेळी पाणी कुठवर चढलं होतं
ते अजून बोटाने भिंतीवर दाखवतात.
आत्ताचा चहा मात्र
कप खाली ठेवला की झालाच नव्हता.

पेरू, खिडकी, रुपया. पाच मिनिटांनी विचारते.
"कसले शब्द?"
इतक्या साधेपणाने, की मीच वहीत बघून घेते.

मग आरशात बघून चांदणी गिरवायची.
पहिल्या आठवड्यात रेघ कागदभर भरकटली होती.
आज नववी खेप. पेन्सिल टोकाशी येते,
क्षणभर थबकते, नीट वळते.
"हे मी कधी केलेलं नाही," म्हणतात,
"पण सोपं आहे."

गेल्या खेपेला मुलाने घरून हातोडी आणली
आणि अर्धवट राहिलेलं तपेलं.
ठोक्याला लागून ठोका,
वॉर्डातली सिस्टर ओरडायला आली, दारातच थांबली.
मध्येच त्यांनी तपेलं उजेडाकडे धरलं,
अंगठा फिरवला खळग्यांवरून.
"मठारलंय कुणी हे? हात बरा आहे."

"आहे आळीतलाच एक," मुलगा म्हणाला.

"भेटव कधीतरी."