उर्फ

ई वॉर्डाच्या रेकॉर्ड रूममध्ये नाकाला ओढणी बांधून
ती बसायची. सोलांज गार्सो, मुक्काम क्यूबेक.
पणजोबांचा धाकटा भाऊ बोटीवर सुतार होता,
मुंबईला उतरला, मग पत्र आलं नाही.
सव्वाशे वर्षं घरात चाललेलं वाक्य एवढंच.

चार दिवस आम्ही वह्या पालथ्या घातल्या.
गार्शिया सतरा, गार्डनर दोन.
गार्सो नाही.

पाचव्या दिवशी चहाबरोबर तिनं कागद उलगडला.
तो टेबलावरून लोंबला, पंख्यानं फडफडला,
मी एका टोकावर स्टॅम्प पॅड ठेवलं.
बारा पिढ्या. सगळ्यात वर एक शिपाई, फ्रान्सहून आलेला :
एतिएन गार्सो दी त्रांशमोंतान्य.

दी म्हणजे?
म्हणजे... म्हणतात. पलटणीत गार्सो पाच,
मग एकाला टोपणनाव. तेच पोरांना, नातवंडांना.
अहो, मग उर्फ म्हणा की.
आणि ते लांबलचक?
डोंगर कापणारा.
डोंगरकापे, मी म्हटलं. खपून जाईल आमच्याकडे.
लाफ्लर? फुले. बोआव्हेर? हिरवे.
सांसूसी, म्हणजे बिनघोर.
हे आडनाव आमच्यात कुणाला परवडलेलं नाही.

हसता हसता मी थांबले.
तापातला माणूस नाव सांगतोय, गार्सो दी...
आणि पुढे दम संपतोय,
समोर कारकून, माझ्यासारखाच, जेवणाची वेळ झालेला.

शिडी लावली. सत्त्याण्णव साल, प्लेगची वही,
पानाचा कोपरा वाळवीनं नेलेला.
गार्सोडी, आल्सीद. धंदा सुतार. वय अदमासे तीस.
जांघेत गाठ.
बापाचं नाव : सांगू शकला नाही.

ती रडली वगैरे नाही.
‘सुतार’ तेवढं मला दोनदा वाचायला लावलं.

ती दाखल्याचा अर्ज भरत होती तोवर
मी तो कागद पाहत राहिले.
प्रत्येक पिढीत बाईचं नाव तिचं स्वतःचं.
मारी-आन ब्रूनेल, सोळाव्या वर्षी लग्न, चौदा बाळंतपणं,
ऐंशीव्या वर्षी पुरली तीही ब्रूनेलच.
बदलत नाहीत?
चर्चच्या वहीत नाही. जन्माचं तेच मरणाचं.

माझं त्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं होतं.
कुंदा बसली, वसुधा उठली.
ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले.

रात्री आईला फोन केला.
आजीचं माहेरचं नाव काय गं?
कुणाची आजी?
तुझी.
आम्ही मोठीआई म्हणायचो.
ते नव्हे. नाव.
पलीकडे मालिका चालू होती, कुणीतरी कुणाला घराबाहेर काढत होतं.
मग म्हणाली, एक तांब्या होता, तिच्या बापानं दिलेला,
त्यावर टोचून नाव घातलं होतं.
कुठाय?
मोडीत घातला. स्टीलचे डबे आले ना त्यावर, तीन,
एकात एक बसणारे.

सकाळी सोलांजच्या दाखल्यावर शिक्का मारला,
सही केली. वसुधा.
पुढे थोडी जागा होती.
‘उर्फ’ लिहिलं, पेन तसंच धरून बसले.
सरकारी कागद. खाडाखोड चालत नाही.
नवा फॉर्म घेतला, सगळं पुन्हा भरलं,
गार्सोडी, सुतार, अदमासे तीस.

जुना फाडायचा असतो.
खणात आहे.